रिकाम्या दिसणाऱ्या चार बायका

आमच्या कपबशांच्या कारखान्यात सल्लागार येणार असं कळलं तेव्हा मी आधी हसलो आणि मग चिडलो. एकतीस वर्षं मी इथे सुपरवायझर आहे. माती कालवण्यापासून खोक्याला पट्टी मारण्यापर्यंत सगळं माझ्या डोळ्यांखालून जातं, आणि मालकांना सल्ला हवा तो बाहेरचा. उंटावरून शेळ्या हाकणारे येतील, चार दिवस हाकतील आणि उंटासकट निघून जातील, असं मी कँटीनमध्ये सगळ्यांना ऐकवलं. पाठीमागे मला कारलं म्हणतात, ते काही उगीच नाही.

आले ते दोघंच. एक साहेब, चाळिशीचे, सतत फोनवर. त्यांच्यामागे एक पोरगी. कॉलेज सुटून तिला पाच महिने झाले होते, पण ते कोणी सांगायची गरजच नव्हती. खांद्यावरच्या बॅगेवर कॉलेजचं चिन्ह तसंच होतं. बूट नवेकोरे आणि टाचेला चिकटपट्टी. मालक खोलीत आले की ही वर्गात सर आल्यासारखी ताडकन उभी राहायची आणि बाकी कोणी उठलं नाही हे बघून ओशाळून बसायची.

तिची नोकरी अजून कच्ची होती. सहा महिने बघणार आणि मग ठेवायचं की नाही ते ठरवणार. आमच्या कारखान्याचं काम हे त्या सहा महिन्यांतलं शेवटचं, म्हणजे सगळी भिस्त यावरच. हे तिने मला पहिल्याच दिवशी, चहा पिता पिता सांगून टाकलं. बरोबरीच्या तिघांना आधीच घरी पाठवलं होतं म्हणे. असल्या गोष्टी कोणी परक्या माणसाला सांगतं का? मी मनात म्हटलं, या पोरीचं कठीण आहे.

साहेबांनी तिच्याकडे तपासणीची खोली दिली. भट्टीतून निघालेली प्रत्येक बशी त्या खोलीत येते. लांब टेबलाभोवती आठ बायका बसतात आणि लाकडी काडीने बशीवर टिचकी मारतात. सगळ्यांत जुन्या बाईला सगळे मावशी म्हणतात. खोलीत बोलायचं नाही असा नियम आहे, म्हणून ही दारात उभी राहून फोनमधल्या घड्याळावर वेळ लावायची आणि वहीत लिहायची. तीन दिवस सकाळ-संध्याकाळ. बायकांनी तिचं नाव घड्याळवाली ठेवलं.

तिसऱ्या दिवशी ती माझ्याकडे आली. चेहरा खुललेला. म्हणाली, "काका, आठांपैकी चार बायका कायम रिकाम्या बसलेल्या असतात. मी कितीही वेळा मोजलं तरी चारच. असं का?"

कारण मला माहीत होतं. अर्ध्या मिनिटाचं काम होतं सांगणं. पण आदल्या दिवशी मालकांनी माझ्यासमोर तिच्या साहेबांना म्हटलं होतं की आमच्या जुन्या लोकांना काही विचारू नका, ते बदलाच्या आड येतात. तो काटा माझ्या मनात सलत होता. मी तिला म्हटलं, "माझ्या एकतीस वर्षांपेक्षा तुमचं घड्याळ हुशार आहे ना? मग त्यालाच विचारा."

ती जरा गोंधळली आणि थँक्यू म्हणून गेली. थँक्यू!

संध्याकाळी तिने अहवालाचं एक पान तयार केलं. आठ बायकांचं काम चार बायका करू शकतात, असं त्या पानाचं म्हणणं. साहेबांना ते इतकं आवडलं की त्यांनी ते तडक मालकांना पाठवून दिलं. दुसऱ्या दिवशी अकराला मीटिंग होती. मला सगळं कळलं होतं आणि मी मूग गिळून बसलो होतो. चार बायका जातील, महिनाभरात माल परत येईल, मग सगळे माझ्याकडे येतील, असा माझा हिशेब. त्या चार बायकांच्या घरी काय होईल हा विचार मनात येत होता, नाही असं नाही, पण मी तो मागे सारत होतो. सुंभ जळला तरी पीळ जात नाही म्हणतात. माझा तर सुंभही शाबूत होता.

सकाळी आठला ती तपासणीच्या खोलीशी हजर. कॉलेजातली सवय, म्हणाली, पेपर देण्याआधी उत्तर एकदा ताडून बघायचं. बायका अजून कामाला लागल्या नव्हत्या. मावशींनी तिच्याकडे बघितलं आणि म्हणाल्या, "बाहेर उभी राहून काय कळणार? ये, बस इथे." ती बसली. मी दारात होतो.

मावशींनी तिच्यासमोर वीस बशा मांडल्या. यात तीन तडकलेल्या आहेत, शोधून दाखव. तिने उजेडात धरून बघितल्या. काही दिसेना. ती चीर झिलईच्या आत असते, केसाहून बारीक. दिसत नाही, पण त्या बशीत गरम चहा ओतला की हातात दोन तुकडे. मग मावशींनी तिला काडी दिली आणि आठही बायकांना एकदम ठोकायला सांगितलं. खोलीभर किणकिणाट झाला. तिला एकही बशी ओळखता आली नाही. मग फक्त चौघींनी ठोकायचं, तेही एकीमागून एक, आणि उरलेल्या चौघींनी हात मांडीवर ठेवून गप्प बसायचं. आता तिला ऐकू आलं. चांगली बशी घंटेसारखी वाजते आणि तडकलेली मुकी राहते. तिला दोन सापडल्या. तिसरी मावशींनी डोळे मिटून, तिच्या हातातल्या काडीच्या आवाजावरून सांगितली. वर म्हणाल्या, ही भट्टीच्या मागच्या डाव्या कोपऱ्यातली आहे, तिथे आच कमी लागते.

मी एकतीस वर्षं हे ऐकत आलो आहे, तरी माझ्या अंगावर काटा आला. पोरीने तर तोंडात बोट घालायचं तेवढं बाकी ठेवलं होतं.

"आणि बसलेल्या चौघी?" तिने हळूच विचारलं.

"कान थकतो बाळ. शंभरेक बशा झाल्या की मुकी बशीही बोलते आहे असं वाटायला लागतं. बशांचा एक गाडा संपला की आम्ही पाळी बदलतो. बसणं हेही कामच आहे."

ती बराच वेळ त्या टेबलाकडे बघत राहिली. देवळात गेल्यावर माणूस बघतो तशी. मग उठली. दारात मी होतोच. तिने विचारलं, "काका, तुम्हाला माहीत होतं?"

मी हो म्हटलं. आता ही काहीतरी बोलेल म्हणून मी उत्तर तयार ठेवलं होतं. ती म्हणाली, "कॉलेजात प्रश्नातच सगळी माहिती दिलेली असायची. मला वाटलं, इथेही तसंच असतं." आणि जिना चढून गेली.

मीटिंगच्या खोलीत मी खुर्च्या लावत होतो तेव्हा साहेब तिला दबक्या आवाजात समजावत होते. चूक झाली असं म्हणायचं नाही, अभ्यास चालू आहे असं म्हणायचं. पान मी गुपचूप काढतो, तू गप्प बस, महिनाभराचा प्रश्न आहे तुझा. माणूस वाईट नव्हता. तिला वाचवायलाच बघत होता.

मालक आले ते हसतच. तीन वर्षांपूर्वी वडिलांच्या जागी बसलेत. तपासणीच्या खोलीत त्यांनी कधी पाय ठेवल्याचं मला आठवत नाही. म्हणाले, ते चार बायकांचं पान आधी दाखवा. साहेब म्हणाले, त्यावर अजून अभ्यास चालू आहे. मालक म्हणाले, "आता कसला अभ्यास? कोणत्या चौघींना काढायचं ते मी ठरवलंसुद्धा."

ती उठून उभी राहिली. या वेळी सवयीने नाही.

"ते पान चुकीचं आहे," ती म्हणाली. "मी केलंय ते. मी हात मोजले, त्यांचं काम कानाचं आहे." मग तिने सगळं सांगितलं. शब्द एकही गाळला नाही. साहेबांनी फोन टेबलावर पालथा घातला. मालकांचं हसू गेलं. त्यांनी विचारलं, "कारखान्यात एवढी माणसं आहेत. तुम्ही कोणाला साधं विचारलंही नाहीत?"

मी तिच्यापासून दोन खुर्च्या सोडून बसलो होतो. तिने एक बोट माझ्याकडे केलं असतं तरी ती सुटली असती. विचारलं होतं, त्यांनी सांगितलं नाही, एवढंच म्हणायचं. खरंच तर होतं. ती म्हणाली, "माझ्याकडून राहिलं."

माझ्या निम्म्याहून कमी वयाची पोर. नोकरी हातातून निसटतेय, आणि माझं नाव घेत नाही. मला इतकी लाज वाटली की बसवेना. मी उठलो. "तिने मला विचारलं होतं," मी म्हटलं. "मी मुद्दाम सांगितलं नाही." एकतीस वर्षांत मी मालकांसमोर, थोरल्या किंवा धाकट्या, माझी चूक कधी कबूल केली नव्हती. मालक म्हणाले, आठही बायका राहू देत. मला मीटिंगनंतर थांबायला सांगितलं आणि जे बोलायचं ते बोलले. ते इथे सांगत नाही.

तिचं काय झालं ते मला कळेना. साहेब फक्त "गाडीत बोलू" म्हणाले होते आणि दोघं निघून गेले. पुढचे पंधरा-वीस दिवस फोन वाजला की मी धडपडत उठायचो. बायको म्हणाली, पोरीचा निकाल लागायचाय की तुमचा?

फोन आला. "काका, पक्की झाले," ती म्हणाली. मी विचारलं की त्या दिवशी तू माझं नाव का घेतलं नाहीस. गाडीत साहेबांनीही हेच विचारलं होतं म्हणे.

"तुम्ही वाईट नव्हता काका. रुसला होता," ती म्हणाली. "माझे बाबापण असेच रुसतात. रिटायर झाल्यापासून त्यांना कोणी काही विचारत नाही. मीसुद्धा नाही." मग म्हणाली, "आता ठेवते. त्यांना फोन करायचाय."