रुखवतातली काचबोरं

गेल्या लग्नसराईत वडीगोद्रीत कुजबुज उठली होती, की मीनानं थोरल्या जावेच्या रुखवतावर करणी केली. सांगणाऱ्या बाया आधी मागंपुढं बघायच्या, मग पदर तोंडाशी नेऊन सांगायच्या, आणि घटकाभरात तेच रस्त्याकडेच्या टपरीवर चहाबरोबर मिळायचं.

थोरली जाऊ म्हणजे द्वारकाबाई. गावात कुणाच्याही मुलीचं लग्न ठरलं, की मांडवात मांडायचं रुखवत त्यांच्या हातचं. गव्हाच्या काड्यांची झोपडी, लोकरीचं तोरण, सुपारीचे नवरानवरी. सुपारीच्या नवरीला त्या एवढीशी नथही घालायच्या, आणि कुणाचं लक्ष गेलं नाही तर स्वतःच दाखवायच्या.

मग धाकटी जाऊ मीना मोबाइलवर बघून घरच्या घरी रेझिनचे, म्हणजे ओतल्यावर काचेसारख्या घट्ट होणाऱ्या रसायनाचे, खडे करायला शिकली. कॅबोशॉन म्हणतात त्याला. खालून सपाट, वरून फुगीर, अर्ध्या बोरासारखा दिसणारा लख्ख खडा. आत वाळवलेली झेंडूची पाकळी. द्वारकाबाई त्यांना काचबोरं म्हणायच्या, आणि म्हणताना तोंड असं करायच्या, जणू बोरात अळी निघालीय.

तेवढ्यावर भागलंही असतं. पण त्यांच्याच अर्पिताचं लग्न ठरलं आणि पोरगी म्हणाली, "आई, काकूचे खडे मधोमध मांडू. तुझी झोपडी कडेला ठेवू."

कडेला. हा शब्द द्वारकाबाईंना भाकरीबरोबर गिळवेना.

दुसऱ्या दिवशी त्या सहज आल्यासारखं करून मीनाच्या दारात उभ्या.

"काय करून राह्यली गं?"

"या आक्का, बसा."

"बसायला येळ न्हाई. हे पाण्यासारखं दिसतंय, घट्ट कसं होतंय?"

मीना साच्यात ओतून काडीनं बुडबुडे फोडत होती. "दह्यासारखं समजा. मोठ्या बाटलीत दूध, छोट्या बाटलीत इरजण. हळू ढवळायचं, साच्यात ओतायचं, वर झाकण घालायचं आन् उद्यापर्यंत बिलकुल हात लावायचा न्हाई."

"इतकंच व्हय? मंग आमी जल्मभर काय करून राह्यलो?"

विरजण किती, ते विचारायचं राहिलं. राहिलं कसलं, थोरलीनं धाकटीला विरजणाचं माप विचारायचं, हे जिवावर आलं.

मीना अंबडला गेली, तो दिवस त्यांनी साधला. मोठ्या बाटलीतलं वाटीभर घेतलं आणि छोटीतलं चमचाभर. विरजण जास्त झालं तर दही आंबट होतं, हे त्यांना कुणी शिकवावं? शेजारचा एक साचाही पदराखाली आला. पाकळ्या मात्र स्वतःच्या दारातल्या गुलाबाच्या घातल्या. झेंडूवर भागवायला त्या काय मीना होत्या?

दुसऱ्या दिवशी हात लावला, तर बोट चिकटलं. उन्हात ठेवलं, पंख्याखाली ठेवलं. गोंदासारखं ते चिकटच. लग्न तोंडावर आलं, तशी त्यांनी खड्यांना बोटांनी आकार दिला, वरून अंगाला लावायची पावडर भुरभुरवली आणि ते ताट मांडवात मीनाच्या खड्यांच्या पुढं सरकवलं. बरोबर मधोमध.

विहीणबाई घनसावंगीच्या, हाताळल्याशिवाय कौतुक न करणाऱ्या. त्यांनी एक खडा उचलला, तो अंगठ्याला चिकटला. अंगठा पुसायला गेल्या, तर शालूच्या पदराला चिकटला.

"कुणाच्या हातचं म्हणायचं हे?"

मांडवातल्या माना द्वारकाबाईंकडं वळल्या. रुखवत म्हटलं की वळायच्याच.

"धाकटीच्या," त्या म्हणाल्या.

मीनानं ताट पाहिलं, पावडर पाहिली. "आक्का, गुलाब तुमच्याच दारचा ना?" एवढं बोलून ती विहीणबाईंचा पदर सोडवायला बसली. मागं कुणीतरी फिसकन हसलं. अर्पिता आईकडं बघत होती.

पाठवणीच्या वेळी तिच्या गळ्यात सोन्याच्या खाली काकूनं दिलेला झेंडूचा खडा होता. द्वारकाबाईंनी लेकीला कवटाळलं, तेव्हा तो त्यांच्याच गालाला टोचला. त्या हमसून रडल्या. बायांना वाटलं, लेकीसाठी. अर्धं तर तिच्यासाठीच होतं.

करणीची कुजबुज त्यानंतर उठली.

करणी कुणी केली नव्हती. दोन वाट्या रेझिनला छोट्या बाटलीतलं वाटीभर लागतं, द्वारकाबाईंनी वाटीला चमचाभर घातलं, म्हणून खडे घट्ट झाले नाहीत. करणीची गोष्ट त्यांनीच सांगितली होती.