मारीच्या आईची टोपी

फ्रान्समधल्या एका म्हातारीची लग्नातली टोपी माझ्यामुळे शेळीने खाल्ली. हे आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढे कुणी आशेवर राहायला नको.

साधारण साठ सालची गोष्ट. आम्ही मूळचे रत्नागिरीचे, पण तेव्हा कुवेतमध्ये फहाहीलला राहत होतो. शेजारी मारी ब्रेतों. तिचा नवरा बंदरात वेल्डर, आठ-आठ दिवस घरी नसायचा, म्हणून ती दुपारी आमच्याकडेच जेवायची. फ्रान्सच्या पश्चिम टोकाला समुद्रकाठी जे लोक राहतात त्यांना ब्रेतों म्हणतात, आणि हिच्या घरचं आडनावही तेच.

"म्हणजे कोकणात राहून आडनाव कोकणे?" आमच्या ह्यांनी विचारलं.

"गावात असताना असलं नाव कोण ठेवतं?" मारी म्हणाली. "नवऱ्याचा कुणी पूर्वज गाव सोडून गेला. परक्यांनी नाव ठेवलं, ते घेऊन परत आला."

"मग मीपण रत्नागिरीला परत जाईन तो हसन हिंदी म्हणून!" हे म्हणाले. इथले अरब आम्हा भारतीयांना 'हिंदी'च म्हणायचे.

(हे सगळं माझ्या सातवीपर्यंतच्या इंग्रजीत, तिच्या मोडक्या इंग्रजीत आणि चार हातांनी.)

मारीची आई ऐंशीची, अंथरुणाला खिळलेली. लेकीला एकदा तरी आपल्याकडच्या टोपीत बघायचं, एवढीच तिची इच्छा. मारी तरुणपणीच शहरात गेलेली, टोपी कधी घातलीच नव्हती. शेवटी म्हातारीने स्वतःची लग्नातली टोपी पार्सलने पाठवली. सोबत चिठ्ठी : घाल, फोटो काढ, पाठव. लवकर. 'लवकर'च्या खाली दोन रेघा.

टोपी म्हणजे लेसचं नळकांडं! डोक्यावर दीड वीत उंच उभं राहणारं, हनुवटीपाशी बांधायला दोन फिती. पण खळ काढून पाठवलेली, त्यामुळे पार्सलातून निघाली ती सुक्या बोंबलासारखी आडवी.

"आमच्याकडे खळ घालणारी बाई वेगळी असते," मारी म्हणाली. "शिकायला वर्षं जातात."

"वर्षं? मी दर जुम्म्याला ह्यांच्या टोपीला खळ घालते. आण इकडे!"

"नफीसा, ती आईची..."

"टोपी ती टोपी!"

(माझ्या सासूबाई म्हणायच्या, नफीसाला विचाराल तर ती विमानसुद्धा चालवेल. खोटं नव्हतं. विमान पडलं असतं, एवढंच.)

दुपारचा भात नुकताच वेळला होता, पेज तयार होती. आमच्याकडे भाताला मीठ घालतात, कारण पेज प्यायलाही लागते. टोपीला मिठाने काय होणार? मी लेस पेजेत बुडवली, तुपाच्या उंच डब्यावर चढवली आणि डबा अंगणाच्या बुटक्या भिंतीवर उन्हात ठेवला. तासाभरात अशी कडक झाली की टिचकी मारली तर वाजावी!

"अगदी तश्शी!" मारीने हात जोडले. "नफीसा, अगदी तश्शी!"

इथेच थांबायला हवं होतं. मी म्हटलं, "अजून थोडी वाळू दे. चहा घेऊ."

तेव्हा फहाहीलच्या घरोघरच्या शेळ्या सकाळी गुराखी वाळवंटात न्यायचा आणि असरच्या, म्हणजे तिसऱ्या प्रहरच्या नमाजाच्या सुमाराला त्या आपापल्या घरी परतायच्या. वाळवंटात दिवसभर त्यांना काय मिळत असेल, अल्ला जाणे. आणि परतीच्या वाटेवर खारट पेजेत मुरलेली लेस!

आम्ही बाहेर आलो तेव्हा डबा खाली पडलेला आणि समोरच्या उम्म सालेमची काळी शेळी शांतपणे रवंथ करत उभी. तोंडातून दोन फिती लोंबत होत्या. मिशांसारख्या!

मी फिती ओढल्या. शेळीने ओढल्या. उम्म सालेम धावत आली. "ए हिंदी! माझ्या शेळीला काय खायला घातलंस?"

"बाई, तुझ्या शेळीने एक अख्खं लग्न खाल्लं!"

"आजारी पडली तर?"

"मीठ होतं, पचेल!"

फिती निघाल्या. ओल्या, पण धड. मारी ओरडली असती तर बरं झालं असतं. ती नुसती पायरीवर बसली आणि फिती मांडीवर सरळ करू लागली.

पण नुसतं बघून काय होतं? मी आत गेले. रेडिओवर मी विणलेला क्रोशाचा रुमाल होता. तो ओढला.

"अगं, बातम्या ऐकतोय!" हे ओरडले.

"ऐका की! उघडा रेडिओसुद्धा बोलतो."

बिनमिठाची पेज केली, रुमाल तीत बुडवून डब्याभोवती गुंडाळून शिवला, फिती टाचल्या. वाळेपर्यंत ह्यांना काठी घेऊन राखणीला उभं केलं. जाणाऱ्या-येणाऱ्यांना ते "काही नाही, टोपी आहे" असं सांगत होते, आणि प्रत्येकाला वाटत होतं की ह्यांना ऊन लागलंय.

दुसऱ्या दिवशी फोटो निघाला. टोपी सारखी डावीकडे कलत होती. फोटोवाला म्हणे, "मॅडम, मान सरळ!" मान सरळ केली की टोपी वाकडी. शेवटी टोपी सरळ, मारी वाकडी, असा फोटो गेला.

मग महिनाभर पत्र नाही. मारी रोज पोस्टातून रिकाम्या हाताने यायची. एकदा म्हणाली, "मी आईला शेवटचं जे दाखवलं, ते खोटं दाखवलं." मला उत्तर सुचलं नाही. (ह्यांनी त्या दिवशी कॅलेंडरवर खूण केली.)

आणि एका दुपारी ती पत्र नाचवतच स्वयंपाकघरात शिरली. म्हातारीने कुणाकडून तरी लिहवून घेतलं होतं. मारी वाचून मला सांगत गेली :

"पोरी, ही टोपी माझी नाही. फिती तेवढ्या माझ्या. बाकीचं काय झालं ते विचारत नाही, लहानपणापासून तू वस्तू हरवतेसच. टोपीकडे मी फार बघितलंही नाही. तुझे गाल बघितले. भरलेत. तिथे कुणीतरी तुला पोटभर जेवू घालतंय. आता मला घोर नाही."

मारी थांबली. "नफीसा, हे तुझ्याबद्दल आहे."

"असू दे. सरक, भाजी व्हायचीय."

"तू रडतेस?"

"छे! कांदा झोंबला."

मारीने माझ्या हाताकडे बघितलं. मी भेंडी चिरत होते.