सासूबाईंचा साचा

माझे सासरे कवळ्या बनवायचे. दातांचे डॉक्टर लोकांच्या तोंडाचं माप घेऊन पाठवायचे आणि आमच्या घराच्या पुढच्या खोलीत बसून सासरे त्या मापावरून प्लास्टरचा साचा करायचे, मग साच्यावर कवळी. हात असा की कवळी घातलेला माणूस खदाखदा हसला तरी शेजारच्याला संशय येऊ नये. त्यांचे स्वतःचे दात सत्तरीतही शाबूत होते आणि ते दाखवायची एकही संधी ते सोडत नसत. पाहुणे आले की दातांनी अक्रोड फोडून दाखवायचे. सगळी गल्ली त्यांना 'बत्तिशी' म्हणायची आणि त्यांना ते मनापासून आवडायचं.

सासूबाईंच्या तोंडात एकही दात नव्हता.

पहिल्या भेटीत त्या तोंडावर हात धरून हसल्या, तेव्हा मला वाटलं, लाजाळू असतील. लग्नानंतर कळलं. हिरड्यांच्या दुखण्यात त्यांचे सगळे दात पन्नाशीच्या आतच काढावे लागले होते. सासऱ्यांनी लगेच माप घेतलं, साचाही केला. मग बाहेरची कामं आली, ती आधी केली. मग आणखी आली. 'घरचंच तर आहे, कधीही करता येईल,' असं म्हणता म्हणता अकरा वर्षं गेली. मी घरात आले तेव्हा तो साचा खिडकीत होता, वर्तमानपत्रं उडू नयेत म्हणून त्यांच्यावर ठेवलेला. एका कोपऱ्याचा टवका उडालेला. मी बिचारी रोज फडक्याने तो पुसायचे. हे आपल्या सासूचं तोंड आहे हे मला कोण सांगणार?

आमच्या घरात संध्याकाळच्या जेवणाला एक नियम होता. टेबलाशी बसलं की प्रत्येकाने त्या दिवशी घडलेली एक चांगली गोष्ट सांगायची. नियम अर्थातच सासऱ्यांचा. रडगाणं त्यांना खपत नसे. "चला, आपापलं चांगलं सांगा," असं म्हणून ते चमचा ताटावर वाजवायचे. माझा नवरा बस चालवतो. तो म्हणायचा, "आज ब्रेक लागले." मी लाँड्रीच्या काउंटरवर बसते. मी म्हणायचे, "आज कुणाचं बटण हरवलं नाही." सासरे कुणाची तरी कवळी कशी चपखल बसली ते रंगवून सांगायचे. शेवटी सासूबाईंची पाळी. त्या रोज एकच सांगायच्या.

"भात मऊ होता."

की हशा! सासरे मान मागे टाकून हसायचे. "अगं, भात शिजवलास तू, मऊ केलास तू आणि वर कौतुकही तूच करतेस!" मग माझ्या नवऱ्याकडे वळून, "ऐकलंस का रे?" मीही हसायचे. नवी सून, सगळे हसतात तिथे हसायचंच. मग एकदा गॅस मधेच संपला आणि भात कच्चट राहिला. आम्ही तिघांनी कुरकुरत का होईना, खाल्ला. सासूबाईंनी वाटीभर दूध घेतलं आणि पाळी आल्यावर म्हणाल्या, "दूध गार नव्हतं." त्या दिवशी माझ्या डोक्यात प्रकाश पडला. बाई विनोद करतच नव्हत्या. आज पोट भरलं की नाही, एवढंच त्या रोज इमानेइतबारे सांगत होत्या.

सासऱ्यांची दुसरी सवय म्हणजे 'नशीब समज.' नवऱ्याचा पाय मुरगळला की, "नशीब समज, दुसरा धड आहे." इस्त्रीने माझा हात भाजला तेव्हा, "नशीब समज, डावा भाजला." सासूबाई एकदा म्हणाल्या, घास घशात अडकतो हो. त्यावर ते म्हणाले, "नशीब समज! दाढ ठणकत नाही, दातात काही अडकत नाही, सकाळी ब्रश नको. तुझ्याइतकं सुखी तोंड या गल्लीत कुणाचं नसेल." खोटं कशाला बोलू, आम्ही पोट धरून हसलो. विनोद चांगलाच होता. सासूबाईसुद्धा हसल्या, तोंडावर हात ठेवून.

कवळी झाली ती एका म्हाताऱ्या मुख्याध्यापिकेमुळे. त्यांची कवळी सैल झाली म्हणून त्या स्वतःच आमच्याकडे आल्या. सासरे गिऱ्हाइकाशी लोण्यासारखे मऊ. "बाई, यात तुमचाही दोष नाही आणि कवळीचाही नाही," ते म्हणाले. "हिरड्या झिजतात. तोंड बदलतं, मग आपण कवळी बदलायची." त्यांनी गुलाबी पावडर उग्र वासाच्या द्रावात कालवली, तो लेप कवळीच्या आत भरला आणि कवळी बाईंच्या तोंडात बसवली. "जरा दाबून धरा." ती भर घट्ट झाल्यावर कडा घासल्या की काम संपलं. मी दिलेला चहासुद्धा गार झाला नव्हता.

रिकामे कप न्यायला सासूबाई आल्या. बाईंनी काहीतरी गंमत केली आणि सासूबाई हात तोंडाशी नेऊन हसल्या. मुख्याध्यापिकेच्या नजरेतून काय सुटणार? "हात काढा बघू," त्या वर्गात म्हणावं तशा म्हणाल्या. सासूबाईंनी हात काढला. बाई सासऱ्यांकडे वळल्या. "अहो, सगळ्या शहराला दात देता आणि घरात ही अवस्था?"

सासरे बत्तीसच्या बत्तीस दाखवून हसले. पण बाई गेल्यावर, त्याच संध्याकाळी त्यांनी वर्तमानपत्रांवरचा साचा उचलला आणि त्याच्यावरची धूळ फुंकली.

आठवड्याभरात कवळी तयार झाली. जेवायच्या टेबलावर त्यांनी ती स्वच्छ फडक्यातून काढून सासूबाईंच्या हातात दिली. त्यांनी ती घातली आणि आम्ही बघतच राहिलो. गाल भरले, ओठ वर आले, वय दहा वर्षांनी उतरलं. नवरा तर घास हातात धरूनच बसला. मग सासूबाईंनी पावाच्या कडेचा तुकडा तोंडात घातला. वरची कवळी खालचीवर आपटली, टक्! त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं.

"सैल आहे हो," त्या म्हणाल्या. "आणि इथे टोचतंय."

"साचा चुकत नाही," सासरे म्हणाले. "तुझं तोंड बदललंय."

मला वाटलं, थट्टा करताहेत. मी म्हटलं, "बाबा, त्या बाईंना भरून दिलंत तसं आत थोडं भरून द्या ना. नाहीतर नवीन माप घ्या."

"ती गिऱ्हाईक होती. तिची कवळी जुनी होती. नव्याकोऱ्या कवळीत भर घालायची म्हणजे मी चुकलो म्हणायचं. सवय होईल." आणि सासूबाईंना म्हणाले, "नशीब समज, घरबसल्या मिळाली."

तिथून सासूबाईंचे हाल सुरू झाले. दात नव्हते तेव्हा त्या हिरड्यांनी निवांत जेवायच्या. आता सासऱ्यांसमोर कवळी घालून बसायचं आणि कवळी घातली की घास चावता येत नाही. दात आले आणि बाईंचं जेवण गेलं. टक् टक् आवाज व्हायचा. त्यावर नवरा म्हणायचा, "आईच्या आधी आईची कवळी येते." मी त्याला टेबलाखालून लाथ घालायचे.

दुपारी मी कामावरून आले की आम्ही दोघी स्वयंपाकघरात दार लोटून घ्यायचो. त्या कवळी काढून कपात ठेवायच्या आणि मी त्यांना केळं कुस्करून, पाव दुधात बुडवून द्यायचे. पुढच्या खोलीत खुर्ची सरकल्याचा आवाज आला की कपातली कवळी झटकन तोंडात. एकदा त्यांनी कवळीचे दोन्ही भाग हातात धरले आणि बाहुलीसारखे उघडमीट करत सासऱ्यांच्या आवाजात म्हणाल्या, "साचा चुकत नाही! टक्! नशीब समज! टक् टक्!" मी ओट्याला धरून खाली बसले. आम्ही इतक्या हसलो की बोलता येईना. त्यांचा हात तोंडावर नव्हता, दोन्ही हातांत कवळी होती ना. त्या घरात मला काय मिळालं असं कुणी विचारलं, तर मी म्हणेन, त्या दुपारी.

पण त्यांच्या हिरड्या सोलवटल्या होत्या. रक्त यायचं. मी म्हटलं, "आई, दुसऱ्या कवळीवाल्याकडे जाऊ या. बाबांना कळायचं नाही." त्या दचकल्या. "कवळीवाल्याची बायको दुसऱ्याच्या बाकावर बसलेली दिसली तर लोक ह्यांच्या तोंडात शेण घालतील. ह्यांनीच केलं पाहिजे, बाई. ह्यांना म्हणावं तरी कितीदा? दाताच्या कण्या करायला दात तरी कुठे आहेत मला?" आणि पुन्हा हसल्या.

एका संध्याकाळी मात्र त्यांनी धीर केला. पाळी आली तेव्हा 'भात मऊ होता' म्हणाल्या नाहीत. ताटाकडे बघत म्हणाल्या, "तुम्ही नवीन माप घेतलंत ना, तर मला फार चांगलं होईल."

सासऱ्यांनी घास संपवला, ते पाणी प्यायले. मग अगदी शांतपणे म्हणाले, "झालेलं चांगलं सांगायचं असतं. व्हायचं नाही."

"भात मऊ होता," त्या म्हणाल्या. सासरे हसले. मी नवऱ्याकडे बघितलं, तो ताटात बघत होता. त्या माणसाची मला अजूनही चीड येते. कुठल्या माणसाची ते सांगत नाही, दोघेही घरात आहेत.

थंडीत त्यांना ताप आला. अंगात आधीच काही राहिलं नव्हतं. छातीत कफ भरला, डॉक्टर येऊन गेले, औषधं झाली आणि एका सकाळी मी पाण्याचा पेला घेऊन गेले तर त्या गेलेल्या होत्या. कवळी उशाशी कपात होती.

सासरे आले. बराच वेळ त्यांच्याकडे बघत उभे राहिले. मला वाटलं, आता रडतील. ते म्हणाले, "लोक येतील. तोंड असं आत गेलेलं बरं दिसत नाही."

त्यांनी कप उचलला आणि पुढच्या खोलीत गेले. त्यांनी सकाळपासून काही घेतलं नव्हतं म्हणून मी चहा करून त्यांच्याजवळ ठेवला. त्यांनी गुलाबी पावडर द्रावात कालवली. लेप कवळीत भरला. सासूबाईंच्या उशाशी बसून बोटांनी ओठ दूर केले, कवळी बसवली आणि हनुवटी तळव्यात धरली. इतक्या हळुवारपणे त्यांनी कुणाला हात लावलेला मी कधी पाहिला नव्हता. "जरा दाबून धर," ते सासूबाईंना म्हणाले, गिऱ्हाइकाला म्हणतात तसं. मग कवळी काढून कडा घासल्या, पुन्हा घातली, अंगठ्याने हलवून पाहिली. तसूभर हलली नाही.

मग त्यांनी चहा घेतला. फुंकर घालून घ्यावा लागला, इतका अजून गरम होता.

लोक आले. सगळे म्हणाले, किती छान दिसताहेत, आता हसतील असं वाटतंय. मुख्याध्यापिकाही आल्या. "शेवटी केलेत ना दात," त्या सासऱ्यांना म्हणाल्या. "माझ्या हातचे आहेत," सासरे म्हणाले.

सगळं आटोपून घरी आलो. शेजारणीने भात पाठवला होता. नवरा म्हणत होता, आज राहू द्या, पण सासऱ्यांनी चमचा ताटावर वाजवलाच. "नियम मोडायचा नाही. चला, आपापलं चांगलं सांगा." नवरा पुटपुटला, "लोक बरेच आले." सासऱ्यांनी घास गिळला. "बसली शेवटी," ते म्हणाले. "अगदी चपखल. नशीब तिचं."

मला ताट उचलून भिंतीवर मारावंसं वाटत होतं. पाळी माझी होती. मी त्यांच्या डोळ्यांत बघून म्हणाले, "भात मऊ होता."

सासरे हसले. सवयीने, मान मागे टाकून, सगळे दात दाखवून हसले. आणि हसता हसता शेजारच्या रिकाम्या खुर्चीकडे वळून म्हणाले, "अगं, ऐकलंस का?"