बाबांचा स्टॉप

असले भुताखेताचे किस्से माझ्या कानावर पडतात ते बायकोमुळे. ती जेवताना मोठ्याने वाचून दाखवते आणि मी मध्येमध्ये खोड्या काढतो... भुताच्या साड्या एवढ्या पांढऱ्याशुभ्र कोण धुऊन देतं, वगैरे. मी ॲनाटॉमी शिकवतो, वर्धा जिल्ह्यातल्या एका आरोग्य विद्यापीठात. नाव सांगत नाही, कारण नोकरी अजून तिथेच आहे. मेल्यावर माणसाचं काही मागे राहत असतं तर पहिला नंबर आमच्या डिपार्टमेंटचा लागला असता, असं मी दर वर्षी नव्या मुलांना सांगायचो. आता सांगत नाही.

कोरोनाची दुसरी लाट होती. आमच्या कॅम्पसचे जणू दोन तुकडे पडले होते. हॉस्पिटलकडे ॲम्ब्युलन्सची रांग पार गेटच्या बाहेर, आणि कॉलेजकडे शुकशुकाट – होस्टेल रिकामं, मेस बंद, कॅन्टीनच्या ओट्यावर कुत्री झोपलेली. पहिल्या वर्षाची मुलं आपापल्या गावी मोबाइल धरून बसली होती. त्यांनी निदान डिसेक्शन हॉल डोळ्यांनी पाहावा म्हणून मी ऑनलाइन लेक्चर तिथूनच घ्यायचो. लांबलचक हॉल, उंच खिडक्या, स्टीलची टेबलं... सगळी रिकामी. देहदान बंद होतं. संसर्गाच्या भीतीने बाहेरून एकही देह घ्यायचा नाही असा नियम झाला होता, आणि फोन करणाऱ्या नातेवाइकांना तो समजावून सांगण्याचं काम माझ्याकडे होतं. लोक रडायचे, भांडायचे. मी शांतपणे तेच वाक्य पुन्हा म्हणायचो.

माझे बाबा समुद्रपूरचे. जन्मभर एसटीत कंडक्टर होते. आमचं बौद्ध घर, कर्मकांड काही नाही. रिटायर झाल्यावर त्यांनी आमच्याच कॉलेजात देहदानाचा फॉर्म भरला आणि ही बातमी अख्ख्या समुद्रपुरात सांगून आले. मला म्हणाले, "माह्यासाठी लाकडं नोको जाळू. मले तुह्या कॉलेजच्या स्टॉपवर उतरवून देजो. पोरं शिकतीन."

सगळं असं एसटीच्या भाषेत. एक घंटी म्हणजे थांब, दोन म्हणजे चल. गाडीतली घंटीची दोरी तुटलेली असली की ते तिकिटाच्या चिमट्याने लोखंडी दांड्यावर ठोकायचे. रिटायर झाले तरी खोड गेली नाही. माझ्या स्कूटरवर मागे बसले की हेल्मेटवर बोटाने टक-टक करायचे – म्हणजे चल. उतरायचं असलं की एकदाच टक. भर चौकात लोक बघून हसायचे, मी चिडायचो आणि बाबांना त्याचीच मजा वाटायची.

त्यांना ताप आला, दम लागला आणि आमच्याच हॉस्पिटलच्या कोविड वॉर्डात त्यांना भरती केलं. माझ्या हॉलच्या खिडकीतून ती इमारत दिसायची, पण मला आत सोडत नव्हते. एक सिस्टर तिच्या मोबाइलवरून व्हिडिओ कॉल लावून द्यायची. शेवटच्या कॉलमध्ये बाबांनी ऑक्सिजनचा मास्क हाताने बाजूला केला. म्हणाले, "काऊन रडून राह्यला बे? ध्यानात हाये ना, कुठी उतरवाचं हाये मले?"

मी म्हटलं, "बाबा, तुमाले घरी नेतो मी. समुद्रपूरले."

त्यांनी मानेने नाही म्हटलं. सिस्टरने मास्क परत लावला आणि कॉल संपला.

ते गेल्यावर मी आमच्या हेड मॅडमच्या केबिनबाहेर उभा राहिलो आणि लोकांना जे बोलू द्यायचो नाही ते सगळं स्वतः बोललो. वेगळ्या टाकीत ठेवू, मी एकटा हाताळीन, लिहून देतो, नोकरी घ्या... पाय धरायचे तेवढे बाकी ठेवले. मॅडमचेही डोळे भरले होते, पण त्यांनी मला तेच वाक्य ऐकवलं जे मी इतरांना ऐकवत होतो. बाबांना प्लास्टिकमध्ये बांधून नेलं आणि जाळलं. मी रस्त्याच्या पलीकडून बघितलं. तोंडसुद्धा दिसलं नाही.

काही दिवसांनी मी परत लेक्चर सुरू केलं. घरी बसवत नव्हतं. भर दुपारी, हॉलला आतून कडी, मी एकटा. खांद्याचे स्नायू शिकवत होतो. रोहणा गावच्या एका मुलीने चॅटमध्ये लिहिलं – सर, मागे कोणीतरी टेबल वाजवतंय. तिच्यामागोमाग आणखी मुलांनी तेच लिहिलं. मी वळून पाहिलं. कोणी नाही, आणि मला तर काहीच ऐकू आलं नव्हतं.

मी मोबाइल बदलला, माइक बदलला. खिडक्या लावून घेतल्या. तरी रोज कोणी ना कोणी लिहायचंच. मग डिपार्टमेंटमधल्या एका सहकारी बाईंना म्हटलं, तुम्ही क्वार्टरवरून जॉइन होऊन बघा. त्यांचा संध्याकाळी फोन आला. म्हणाल्या, लोखंडावर लोखंड मारल्यासारखा आवाज येतो, अगदी स्पष्ट. रेकॉर्डिंग काढून ऐकलं तर त्यात फक्त माझा आवाज.

दुसऱ्या दिवशी मी मुलांना विचारलं, एकदा वाजतो की दोनदा? सगळे म्हणाले, एकदाच सर... मग बराच वेळ काही नाही. मग परत एकदा.

मी मोबाइल बंद करून टेबलाला टेकून बसलो. एक घंटी. म्हातारा उतरायला उभा होता आणि गाडी थांबत नव्हती.

त्यानंतर माझं काही खरं राहिलं नाही. संपलेले धडे मी परत शिकवायला लागलो. मध्येच बोलणं थांबवून कान देऊन उभा राहायचो, मुलांना विचारायचो, आता वाजला का? ती "हो सर" लिहायची. मी टेबलाला कान लावायचो... गार स्टील, बाकी काही नाही. बायकोने हात जोडले, मॅडमनी सुट्टी घ्यायला सांगितलं. मुलं आपसात काय बोलत असतील ते कळत होतं. पण मला एकदाच ऐकायचं होतं हो. बाप माझा, आणि ऐकू येतं जगाला!

शेवटी एका दुपारी लेक्चर चालू असतानाच माझा बांध फुटला. क्लास समोर आहे याची लाजही उरली नाही. टेबलावर हात ठेवला आणि मोठ्याने बोललो, "बाबा, नाई जमलं मले. लय हातपाय जोडले. स्टॉपच बंद होता बाबा."

मग रोहण्याच्या त्या मुलीने माइक सुरू केला. घाबरलेली होती. म्हणाली, "सर... आता दोनदा वाजलं."

मी या मुलांना एसटीचं, घंटीचं, हेल्मेटचं कधीच काही सांगितलं नव्हतं. त्या दिवसानंतर तो आवाज कोणालाच आला नाही.

पुढे देहदान सुरू झालं, हॉल भरला. ती मुलगी आता वॉर्डात ड्युटी करते, भेटली की नमस्कार करते, पण तो विषय आम्ही काढत नाही. मी नेटवर्कचा दोष धरून पाहिला, छताचे पत्रे तापून वाजले असतील म्हणून पाहिलं, माझ्यामुळे मुलांच्या डोक्यात भरलं असेल हेही धरून पाहिलं. पण पहिल्या दिवशी तर मलाच काही माहीत नव्हतं. कोणाला उत्तर सुचलं तर जरूर लिहा. मला सुचलेलं नाही.

बायको अजून किस्से वाचते, मी खोड्या काढत नाही. संध्याकाळी कॉलेज सुटलं की हेल्मेट घालतो, स्कूटर सुरू करतो आणि गेटपाशी थोडा थांबतो. मागचे लोक हॉर्न वाजवतात. हेल्मेटवर टक-टक काही होत नाही... मग मी आपला निघतो.