रोवणीवरच्या गोळ्या

सुमनबाई धानाच्या शेतात, बांधीच्या धुऱ्यावर बसून ओकत होती. तिची पाठ चोळणारी आमची इंटर्न ऋतुजा तिच्याहून पांढरी पडली होती.

"मॅडम, मी विचारलं होतं! जेवलात का म्हणून प्रत्येकीला विचारलं. सगळ्या हो म्हणाल्या."

मी लाखांदूर तालुक्यातल्या एका आरोग्य केंद्रात आरोग्य सहायिका आहे. इंटर्न आले की साहेब ते माझ्याच गळ्यात मारतात. ऋतुजा पुण्याची, पब्लिक हेल्थ शिकणारी. कामाला वाघीण, पण गाव पहिल्यांदाच बघत होती.

आमच्याकडे हत्तीपाय आहे. डासांतून पसरतो, जंतू रक्तात असले तरी माणूस धडधाकट दिसतो. म्हणून आम्ही निरोग्यांनाही गोळ्या देतो आणि समोर गिळायला लावतो. फक्त उपाशीपोटी द्यायच्या नाहीत. उन्हाळी धानाची रोवणी, म्हणजे भाताची लावणी, चालू होती, बाया घरी सापडत नव्हत्या. म्हणून ऋतुजा सकाळीच गोळ्या घेऊन बांधीवर गेली. कल्पना चांगली होती, म्हणून मीच हो म्हटलं.

मी बांधीवरूनच डॉक्टरसाहेबांना फोन केला. "सावलीत झोपवा, ओआरएस द्या, मी निघालोच," ते म्हणाले. दुपारपर्यंत सुमनबाई उठून बसली. पण ती घरी पोचायच्या आधी बातमी पोचली होती. दुसऱ्या दिवशी गावात एकही दार उघडेना.

ऋतुजाने बॅग भरली.

"मॅडम, मला दुसऱ्या सेंटरला पाठवा. नाहीतर मी इंटर्नशिपच सोडते. हे काम माझं नाही."

मला तिची दया आली आणि रागही आला. "एसटीत तुला मीच बसवून देईन," म्हटलं. "पण आधी सुमनबाईच्या घरी चल."

दारातच तिचा नवरा आडवा आला. "पुन्हा गोळ्या द्याले आल्या का?"

"नाही भाऊ, बाईले पाहाले आलो."

सुमनबाई अंगणात भाजी निवडत होती. मी सरळ विचारलं, "काल सकाळी का खाल्लं होतं, सुमन?"

"काई नाही. चहा पिऊन गेली होती. शिदोरी दुपारी येते."

"मंग ह्या पोरीले जेवली म्हणून काहून सांगतलं?"

ती हसायला लागली. "आता पाहुणी पोरगी बांधीवर येऊन जेवल्या का म्हणते, तं का सांगाव? नाही म्हटलं तं तिले वाटन, इले माहा डबा पायजे. आमी हवच म्हणतो, बाई. उपाशी असलो तरी हव."

ऋतुजा खाली बसली. "माझं चुकलं, काकू."

"तुयं का चुकलं? तू विचारलं, मी सांगतलं. पण आता शिदोरी आल्यावर ये. आमच्यासंग जेव, मंग दे गोळ्या. मी सांगतो सगळ्याईले."

बॅग तशीच राहिली. दुसऱ्या दुपारी ऋतुजा धुऱ्यावर बायांच्या रांगेत बसून भात-वरण जेवली. मग आधी स्वतः गोळ्या गिळल्या. सुमनबाई एकेकीला हाताला धरून आणत होती. दोन बाया शेवटपर्यंत तयार झाल्या नाहीत. बाकीच्यांनी घेतल्या, आणि कोणालाही काही झालं नाही. पुढच्या आठवड्यात दारंही उघडली.

तेव्हापासून नव्या इंटर्नला मी पहिल्याच दिवशी सांगते, 'जेवलात का' विचारू नका, 'काय जेवलात' विचारा. पहिल्याचं उत्तर रीत देते, दुसऱ्याचं पोट.

इंटर्नशिप पूर्ण करून ऋतुजा निघाली तेव्हा मी तिला स्टँडवर सोडायला गेले.

"जेवलीस का गं?"

"हो मॅडम, झालं जेवण."

"काय जेवलीस?"

ती सुमनबाईसारखीच हसायला लागली. मी तिची बॅग खाली ठेवली आणि समोरच्या टपरीवाल्याला दोन प्लेट पोहे सांगितले.