चिंचेच्या पाण्यावरची धाड

मुद्देमालाचा नमुना बाटलीत घ्यायच्या आधी मडकंच काठीनं फोडून टाकायचं, एवढा मूर्खपणा पोलीस खात्यात फार थोड्यांनी केला असेल. त्यांतली एक मी. एकोणीसशे पन्नासचं दशक सरत आलं होतं. ती दुपार अजून डोळ्यांपुढून हलत नाही. तेव्हा रडकुंडीला आले होते, आता हसू येतं.

चांदा जिल्ह्यात दारूबंदी नुकतीच आली होती. मोहाची दारू बायका लुगड्याखाली लपवून नेत, आणि बाईची झडती बाईनंच घ्यायची असा नियम. म्हणून आरमोरीच्या ठाण्यात माझी नेमणूक झाली. ठाण्यात मी एकटीच बाई. खाकी घालून बाजारातून अशी चालायचे, जणू जंगल, नदी आणि कलेक्टर तिन्ही माझ्या हाताखाली आहेत.

एका बाजाराच्या दिवशी खबर आली. कोसा रेशीम विणणाऱ्या एका तरुणाच्या घरी दर बाजाराला दुपारी माणसं मागच्या दारानं एकेकटी शिरतात, दार लागतं, आत मडकं असतं. खबऱ्या म्हणाला, "पक्की खबर हाय बाई. चुकली तं मिशी काढतो." तो हे आम्हाला का सांगतोय, हे काही मी विचारलं नाही.

जमादार, दोन पंच आणि मी निघालो. घरात बायका असतील म्हणून मला पुढं केलं. हातमागाभोवती पाच-सहा पुरुष बसलेले, हातात पेले. "हलू नका!" असं ओरडून मी मडक्यावर काठी हाणली. तपकिरी पाणी सगळ्या सुतावर उडालं. चिंच-गुळाचा वास आला होता, पण माझ्या नाकापेक्षा माझी वर्दी मोठी होती.

जमादारानं कपाळाला हात लावला. "आता नमुना काय जमिनीतून पिळू, बाई?" मग तो माणसांकडे वळला. "काय पेत होते रे?"

विणकर उठला. "दारू, साहेब. म्याच आणली. बाकीच्यायले जाऊ द्या."

या गडबडीत बाकीचे मागच्या दारानं निसटले, म्हणून त्याला एकट्यालाच ठाण्यात आणून जबानी सुरू केली. डॉक्टर फेरीवर गेलेले, म्हणून जमादारानंच तोंडाचा वास घेतला, चालवून पाहिलं. वास नाही, तोल सरळ. तरी हा म्हणतो, पेलो. सुटण्यासाठी खोटं बोलणारे आम्हाला रोज भेटत. अडकण्यासाठी खोटं बोलणारा तो पहिलाच.

तेवढ्यात त्याची बायको आली. कडेवर लेकरू, डोक्यावर गाठोडं. दारूपायी ती नागभीडला माहेरी निघून गेली होती. पुन्हा प्यालास तर कायमची जाईन, अशी अट घालून धानाच्या कापणीला परतली होती. रडली नाही. म्हणाली, "मले एवढंच सांगा बाई, पेला का नाई? पेला असन तं नागभीडची मोटार उभी हाय, मी चालली."

मी त्याला मागच्या पडवीत नेलं. "अरे, बायको निघाली! खरं काय ते बोल की."

तो हळूच म्हणाला, "आमी दारू सोडलेले लोक हाओ, बाई. बाजाराच्या दिवशी पाय भट्टीकडे वळते. म्हणून तेवढा वेळ संगं बसतो. कोण कुठी घसरला ते सांगतो, चिंचेचं पाणी पेतो, मंग एकमेकाले घरी पोचवतो."

"मग यात लपवायचं काय?"

"आमच्यात एका गावचा गायता हाय."

गायता म्हणजे गावदेवाचा पुजारी. लग्नात, मयतीत मोहाचा पहिला घोट त्यानं देवाला सांडायचा, दुसरा स्वतः प्यायचा, मग बाकीच्यांनी. गायत्यानं दारू सोडली हे कळलं तर देवाचं काम हातून जाणार. "त्याचं नाव निघण्यापरीस माही बायको गेली तं..." बाहेर कुणाला सांगू नका म्हणून त्यानं हात जोडले.

जमादार म्हणाला, यानं कबुली दिलीय, आता दुसऱ्या कुणी जबानी दिली तरच सुटेल. बाहेर मोटारीचा भोंगा वाजला. विणकराची बायको पायरी उतरली.

समोरून एक म्हातारा येत होता. तिला हातानं थांबवून तो ठाण्यापुढं जमलेल्या गर्दीत म्हणाला, "साहेब, त्यानं नाई पेली. मी बी तिथीच होतो. मी बी सोडली. लिहा."

गर्दीतून कुणी ओरडलं, "अरे गायता, मंग लग्नात काय पेते? ताक?"

म्हाताऱ्यानं तिकडे न पाहता जबानीवर अंगठा उठवला. विणकराच्या बायकोनं गाठोडं खाली ठेवलं. मोटार गेली.

खबऱ्याची गावाबाहेर स्वतःचीच भट्टी निघाली, आणि बाजाराची गिऱ्हाइकं तुटत होती. त्याला आम्ही पकडलं. मिशी मात्र शाबूत राहिली, तेवढं कलम नव्हतं. तेव्हापासून खबर देणाऱ्याचं काय बुडतंय हे मी आधी विचारू लागले. आणि दार लावून माणूस वाईटच करतो असं नाही, हेही शिकले. चांगलं वागताना पकडलं जायची भीती मी पुढे पुष्कळांच्या डोळ्यांत पाहिली.

काही महिन्यांनी बाजारात तो म्हातारा भेटला. मी भीत भीत विचारलं, "भाऊ, देवाचं काम राहिलं का?"

तो म्हणाला, "राह्यलं, बाई. पयला घोट देवाले सांडत होतो, आता दुसरा बी त्यालेच सांडतो. देव काई कुरकुर नाई करत. कुरकुरते ते पंगतीत बसलेले."