पिलिपिव्नाचा पांढरा रंग

ओदार्का पिलिपिव्नाने अठ्ठावीस वर्षांत काय काय रंगवलं, ते विचारू नका. कीवच्या टोकाला असलेल्या त्या कारखान्याचं नाव पत्रावर घालायची बंदी होती, नुसता टपालपेटीचा क्रमांक लिहायचा. तिथे ती विमानं रंगवायची. हे आपलं कागदोपत्री. मॉस्कोहून कुणी बडा साहेब यायचा म्हटलं की विमानं राहिली बाजूला. फाटकापासूनच्या रस्त्याच्या कडा, झाडांची खोडं, कोळशाच्या ढिगाभोवतीचं कुंपण, सगळ्यांवर पिलिपिव्नाचा कुंचला फिरायचा. एका वर्षी थंडी लांबली आणि मे उजाडला तरी गवत वर येईना, तर तिने जमीनच हिरवी केली. पाहुणा खूश! "काय हवा आहे हो तुमच्याकडे!" म्हणाला. तेव्हापासून विभागप्रमुख बोहुशची खात्रीच पटली, की जगात रंगाने दुरुस्त होत नाही असं काही नाहीच.

त्या वर्षी कारखान्यात एक नवीन विमान उभं होतं. सैनिक आणि तोफा भरून नांगरलेल्या शेतातूनही चार उड्यांत वर जाणारं, असा त्याचा डौल. त्यासाठी दोन्ही इंजिनं पंखाखाली टांगायची सोडून पंखाच्या पाठीवर बसवलेली. समोरून दोन कान टवकारल्यासारखी दिसायची, म्हणून सगळे त्याला ससा म्हणायचे. इंजिनाचा झोत पंखाच्या पाठीवरून जायचा, मागची झडप खाली सोडली की तिला चिकटून खाली वळायचा आणि विमानाला वर उचलायचा. लुक्यान इंजिनिअरने हे खानावळीतल्या नळाखाली चमचा पालथा धरून सगळ्यांना दाखवलं होतं. पाणी खरंच चमच्याच्या पाठीला चिकटून वळलं. बाकीच्यांनी माना डोलावल्या.

"पाणी गार असतं रे, लुक्यान," पिलिपिव्ना म्हणाली. "इंजिनाचा झोत गार असतो का?"

लुक्यानचा चेहरा पडला. दुसऱ्याच दिवशी त्याने तिच्याकडून इंजिनामागच्या पंखावर खास गुलाबी रंग मारून घेतला. तापला की निळा, फार तापला की काळा होणारा, आणि एकदा बदलला की परत न फिरणारा. पाचव्या उड्डाणानंतर डाव्या इंजिनामागे तळहाताएवढा काळा डाग उमटला.

लुक्यान तो डाग बघणार, फोटो काढणार, पत्रा उघडायला लावणार. पण सप्टेंबर लागला होता. सप्टेंबरात देशातले इंजिनिअर काय करतात? बटाटे काढतात! सामूहिक शेतावरून हुकूम आला आणि लुक्यान रबरी बूट घालून दहा दिवसांसाठी गेला. विमानाचं एकवेळ थांबेल, बटाटा कसा थांबेल?

आणि नेमकं तेव्हाच कळलं, की गुरुवारी उपमंत्री येताहेत. ससा त्यांच्यासमोर उडणार.

बोहुश हँगरमध्ये आला आणि पंखाकडे बघून त्याने कपाळावर हात मारला. "हे काय? कुणी बीटचं सार सांडलंय की काय? पिलिपिव्ना, उद्यापर्यंत अख्खं विमान पांढरंशुभ्र पाहिजे."

"साहेब, तो डाग नाही, ते माप आहे. पत्र्याला आतून आधार देणारी फासळी जळली असेल. लुक्यान येईपर्यंत त्याला हात लावू नका."

"तुम्ही रंगारी की इंजिनिअर?"

"रंगारी. म्हणून तर रंग वाचता येतो."

"रंगाऱ्याने कुंचला चालवावा, तोंड नाही!" बोहुशने लेखी हुकूमच काढला: संपूर्ण विमान पांढरं. खाली सही, शिक्का.

आता इथे खरी गोम. सशाचा उड्डाण-मेकॅनिक होता ह्नात, आणि ह्नात होता पिलिपिव्नाचा नवरा. गुरुवारी त्या जळक्या पंखाच्या भरवशावर तोच वर जाणार होता.

जेवताना तिने सांगून बघितलं. ह्नात हसला. "अगं, बायको घाबरली म्हणून उडत नाही असं सांगू का कप्तानाला? मरेपर्यंत चिडवतील मला."

"मरेपर्यंत म्हणजे गुरुवारपर्यंतच ना?"

"तुझं आपलं काहीतरीच. रंगाच्या वासाने डोकं फिरलंय तुझं. आंबट साय दे जरा."

पिलिपिव्नाने सायीचं भांडं त्याच्यापुढे आदळलं. असा संताप आला तिला, की वाटलं ते भांडं त्याच्या टकलावरच पालथं घालावं. वीस वर्षांचा संसार, आणि हा माणूस लोकांच्या हसण्याला घाबरतो, पडायला नाही!

दुसऱ्या दिवशी तिने हुकूम दोनदा वाचला. पांढरा म्हटलंय. कुठला पांढरा ते कुठे म्हटलंय? तिने कपाटाचं कुलूप काढलं. आत लुक्यानच्याच मालाचे तीन डबे होते, त्याच जातीच्या रंगाचे. हा थंड असला की दुधासारखा पांढरा, तापला की कोळसा. बाकी सगळं विमान तिने साध्या रंगाने रंगवलं आणि दोन्ही पंखांचा इंजिनांमागचा भाग या डब्यांतून. बोहुशने येऊन बोट फिरवलं आणि म्हणाला, "बघा, मनात आणलं की जमतं!"

गुरुवारी बँड वाजला, उपमंत्र्यांनी स्वागताचं पाव-मीठ चाखलं. ह्नात आणि कप्तान आत बसले. झडपा खाली सुटल्या, ब्रेक दाबून धरलेले, इंजिनं पूर्ण जोरात. बोहुश हात हलवून सांगत होता, "साहेब, आमच्याकडे सगळं कसं लख्ख!"

आणि डाव्या पंखावर काळा तळहात उमटला. त्याचं ताट झालं. ताटाची परात झाली.

"हे काय होतंय?" उपमंत्र्यांनी विचारलं.

मागून पिलिपिव्ना खणखणीत आवाजात म्हणाली, "पंख जळतोय, साहेब. बंद करायला सांगा!"

इंजिनं थांबली. पत्रा काढला तर आतली फासळी बोटाने दाबताच बिस्किटासारखी तुटली. ह्नातने तो तुकडा बराच वेळ हातात धरून ठेवला. त्याला चिडवायचं कुणाच्या मनातही आलं नाही.

पुढे रीतसर सगळं झालं. 'पंखाचं तापमान डोळ्यांनी ओळखण्याची नवी पद्धत' या सुधारणेचं प्रमाणपत्र निघालं, त्यावर पहिलं नाव बोहुशचं, दुसरं लुक्यानचं. तो बिचारा तेव्हा बटाटे काढत होता. पिलिपिव्नाला मिळाली ताकीद: हुकुमाचा परस्पर अर्थ लावल्याबद्दल. आणि भिंतीवर नवा कागद लागला, की पाहुण्यांच्या भेटीआधी फक्त साधा रंग वापरावा. तिने खाली सही केली. गाढवापुढे वाचली गीता, म्हणाली, आणि कुंचले धुवायला गेली.

पण ह्नात बदलला. वीस वर्षांत त्याने बायकोच्या कामाबद्दल एक शब्द विचारला नव्हता. आता उड्डाणाच्या दिवशी सकाळी तो दारात घुटमळतो, बुटाची नाडी उगाच दोनदा बांधतो आणि तिच्याकडे न बघता विचारतो:

"ओदार्का, आज रंग कुठला गं?"

"माझा," ती म्हणते. मग तो जातो.